थोरल्या आईची 'शेनी': इटलीत पडलेल्या आबांचा माग कसा लागला

हे एकाच घरातलं प्रकरण आहे, आमच्या. सविस्तर लिहितोय कारण कराड-पाटण, माण-खटाव, तिकडं महाड-माणगाव, अशी शेकडो घरं आहेत जिथं ट्रंकेच्या तळाशी एखादं मेडल पडलंय, 'आमचा चुलता लढाईत गेला' एवढं एकच वाक्य घरात फिरतंय आणि पुढं काहीच नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, त्या गावाचं नाव तरी सगळ्यांना माहिती आहे, बाकीच्या गावांचं कोण विचारतंय. आपल्यापैकी कोणाला असा शोध घ्यायचा असेल तर आम्ही कुठं चुकलो आणि नेमकं कशानं सुटलं हे कळावं म्हणून हे सगळं.

आधी आमच्याकडं काय होतं ते सांगतो. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. चलेजावच्या आधीच्या उन्हाळ्यात बेळगावला भरती झाले, म्हणजे १९४२. लग्न होऊन वर्ष झालेलं. मधे एकदा रजेवर आले, आठ-दहा दिवस राहिले, मग बोटीनं गेले ते गेलेच. १९४५ च्या उन्हाळ्यात तार आली. त्यांची बायको म्हणजे आमची थोरली आई (घरात लहानथोर सगळे तिला थोरली आईच म्हणायचे), ती पुढं जवळजवळ पन्नास वर्षं जगली, पेन्शन घेतली, दिरांची पोरं वाढवली, माझ्या वडिलांना म्हणजे अण्णांना तिनंच वाढवलं. ती १९९४ ला गेली. मागं राहिल्या तीन गोष्टी. हिंगाच्या पितळी डबीत ठेवलेला एक सहा टोकांचा तारा, घडीवर फाटत आलेली तार, आणि तिच्या तोंडातला एक शब्द.

तो शब्द म्हणजे 'शेनी'. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा आबांचा एक सोबती परत आला, तो मुद्दाम घरी येऊन तिला सांगून गेला होता की "वहिनी, शेनीच्या काठाला गेला, मी होतो तिथं." तो माणूसही नंतर लवकरच वारला. थोरली आई शेवटपर्यंत हेच सांगायची, कोणी विचारलं आबा कुठं गेले तर 'इटलीत, शेनीच्या काठाला'. आणि आम्ही सगळे, मी धरून, असं समजायचो की म्हातारीचं काहीतरी ऐकण्यात चुकलंय, सैन्य म्हणायचं असेल, छावणी म्हणायचं असेल, शेणी कुठल्या आल्या इटलीत. ती शाळेत गेलेली नव्हती म्हणून तिच्या शब्दाला आम्ही पुरावा धरलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता चूक कुठं झाली ते. तारेवर इंग्रजीत पलटणीचं नाव होतं, आम्ही ते '15 एम.एल.आय.' असं वाचत आलो. एम.एल.आय. म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री हे कळत होतं, म्हणून घरात 'आबा पंधराव्या पलटणीत होते' हे पक्कं झालं. पंधरावी पलटण इटलीत शोधायला गेलं तर कुठंच सापडेना. मग आम्ही बऱ्याच जणांना विचारलं आणि जो तो एकच सांगायचा, इटलीत मराठा पलटण म्हणजे नाईक यशवंत घाडगेंची पलटण. हे नाव आपल्याकडं माहिती असतंच, माणगावला त्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीचं खोरं, सगळं सेक्शन, म्हणजे त्यांची छोटी तुकडी, मेलं किंवा जखमी झालं आणि हा २२ वर्षांचा माणूस एकटा मशिनगनवर चालून गेला, टॉमीगनच्या गोळ्या संपल्यावर दस्त्यानं दोघांना मारलं आणि मग दुसरीकडून गोळी लागून पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांना तर कबरही नाही, कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. पेरुजियाजवळ मोंतोने गावात २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात आपले संरक्षणमंत्री तिथं जाऊन आले, ते फोटो सगळीकडं फिरत होते. अण्णांनी ते फोटो बघितले आणि म्हणाले आपण इथंच जायचं. आबा इथंच असणार.

मी हॉटेल बुक केलं. जुलैचं. पुढं ते रद्द करावं लागलं आणि अर्धे पैसे गेले.

झालं असं की व्हिसाच्या कागदपत्रांसाठी घरातली जुनी कागदं स्कॅन करत होतो, तेव्हा तार पण स्कॅन केली आणि मोठी करून बघितली तर १ आणि ५ च्या मधे एक बारीक तिरकी रेघ होती, नेमकी घडीवर आलेली, शाई उडालेली. 15 नव्हतंच ते. 1/5 होतं. हे ज्याला माहिती आहे त्याला लगेच कळतं, आम्हाला माहिती नव्हतं: त्या काळात आपल्या रेजिमेंटचं नाव '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' होतं, १९२२ च्या फेररचनेत जुन्या १०३, १०५, ११० वगैरे मराठा पलटणी एकत्र करून एक रेजिमेंट केली आणि तिला ५ नंबर दिला. म्हणून 1/5 म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन, आपण जिला जंगी पलटण म्हणतो ती. 3/5 म्हणजे तिसरी. घाडगे तिसरीतले. आबा पहिलीतले. दोन्ही इटलीतच लढल्या पण पहिली होती ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये आणि तिसरी १० व्या डिव्हिजनमध्ये, रस्ते वेगळे, नद्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. दुसरी बटालियन तर इटलीच्या मोहिमेआधीच १९४२ च्या जूनमध्ये लिबियातल्या टोब्रुकला अडकून संपली होती. म्हणजे 'मराठा पलटण इटलीत' या तीन शब्दांवर तिकीट काढणं हे 'सातारा जिल्ह्यात राहतो' एवढ्या पत्त्यावर माणूस शोधायला निघण्यासारखं आहे. आधी बटालियन पक्की करा. हे एक केलं नाही तर बाकी सगळं वाचन, सगळा प्रवास दुसऱ्याच कोणाच्या तरी आजोबांचा होतो.

बटालियन कळल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर शोधायला बसलो. ही साईट फुकट आहे, दोन्ही महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतले जे पडले त्यांच्या नोंदी आहेत, तरी आधी दोनदा शोधून काही मिळालं नव्हतं. आता कळलं का. एक तर तिथं रेजिमेंटचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं आहे, मधे एक जादा एच आणि दोन टी, म्हणजे उच्चार साधारण 'माहराट्टा' होतो, आजच्या स्पेलिंगनं टाकलं तर काहीच येत नाही. दुसरं म्हणजे आपल्या लोकांची आडनावं बऱ्याच ठिकाणी नोंदलेलीच नाहीत, किंवा नाव आणि आडनाव उलटं, किंवा कारकुनानं ऐकलं तसं. पण बऱ्याच नोंदींच्या खाली बापाचं नाव आणि गाव असतं, 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव, सातारा, इंडिया' असं. मी नावानं शोधणं सोडलं आणि फक्त रेजिमेंट, इटली, १९४५ एवढं टाकून सगळी यादी उघडली, एकेक नोंद वाचत गेलो, दोन रात्री. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला आमच्या गावाचं नाव दिसलं, म्हणजे गावाच्या नावासारखं काहीतरी, दोन अक्षरं इकडची तिकडं, पण पुढं पणजोबांचं नाव बरोबर होतं.

तरी खात्री नव्हती, आमच्या गावात त्या नावाचे दोघं-तिघं असू शकतात. इथं थोरल्या आईच्या डबीनं काम केलं. दुसऱ्या महायुद्धातली मेडलं ब्रिटिश सैनिकांना कोरी दिली होती पण हिंदुस्थानी सैनिकांच्या मेडलांवर नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं. आमच्याकडचा तारा म्हणजे इटली स्टार, त्याची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, इटलीच्या झेंड्याचे रंग. मागची बाजू काळी पडलेली होती. आत्यानं चिंचेनं घासते म्हणाली, मी घासू दिलं नाही (जुन्या मेडलाला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका, अक्षरं जातात), टॉर्च तिरकी धरून बघितलं तर बारीक अक्षरं उमटली, नंबर, मग एस-ई-पी म्हणजे शिपाई, मग नाव. साईटवरचा नंबर आणि ताऱ्यावरचा नंबर एकच. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "डबी पन्नास वर्षं आपल्या फडताळात होती."

नोंदीत मरणाची तारीख १० एप्रिल १९४५. ठिकाण दिलेलं नसतं, फक्त स्मारकाचं नाव असतं, ते होतं उत्तर इटलीतलं फोर्ली. मग त्या तारखेला पहिली मराठा कुठं होती ते बघितलं आणि तिथं नदीचं नाव आलं. सेनिओ.

मी अण्णांना फोन करून फक्त एवढंच वाचून दाखवलं की ९ एप्रिलला पलटण सेनिओ नदीच्या काठावर होती. पलीकडून काही आवाज नाही. मग हळू म्हणाले, "शेनी." म्हातारीनं नाव बरोबर सांगितलं होतं, आमच्या घरात पन्नास वर्षं तो पत्ता होता आणि आम्ही तो चुकीचा समजत होतो.

सेनिओची लढाई थोडी सांगायला हवी, नाहीतर तिथं जाऊन काय बघायचं ते कळत नाही. ही नदी मोठी नाही, आपल्या ओढ्यापेक्षा जरा रुंद. पण पो नदीच्या सपाट खोऱ्यात पूर येतो म्हणून दोन्ही बाजूंनी माणसानं बांधलेले उंच बांध आहेत, वीसेक फुटांचे, लांबून बघितलं तर धरणाच्या भिंतीसारखे. १९४४ च्या डिसेंबरअखेर फ्रंट इथं येऊन थांबला आणि तीन महिन्यांवर हलला नाही. जर्मनांनी बांध पोखरून आत खंदक, भुयारं आणि मशिनगनची ठाणी केली होती, सगळीकडं सुरुंग. ९ एप्रिल १९४५ ला शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला: दुपारी शेकडो बॉम्बफेकी विमानं, मग तोफा, मग आग ओकणारे टँक, आणि संध्याकाळी पायदळ. उजवीकडं ८ वी भारतीय डिव्हिजन, डावीकडं न्यूझीलंडची. त्या एका संध्याकाळी या डिव्हिजनच्या दोन शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, एक फ्रंटिअर फोर्स रायफल्सचे अली हैदर आणि दुसरे पहिल्या मराठाचे नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. जाधव कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. कंपनी कमांडरबरोबरचे जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातनं, सुरुंगातनं, चढ्या बांधावरनं सुरक्षित जागी नेलं, मग परत फिरून मशिनगनची तीन ठाणी गप्प केली, हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब टाकत गेले, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. ते जगले, १९८४ ला पुण्यात वारले.

आबा त्याच बटालियनचे, तेच दोन दिवस. याच्यापुढं मला काही सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. ते जाधवांच्या कंपनीत होते का, माहिती नाही. पहिल्या तासात पडले का रात्री, माहिती नाही. नोंदीतली १० तारीख पण कदाचित मोजदाद झाली त्या सकाळची असेल, रात्रीच्या हल्ल्यात असं होतं. एका कार्यालयाकडं सर्व्हिस रेकॉर्डसाठी अर्ज केला त्याला आठ महिने उत्तर नव्हतं, मग आलं ते एवढंच की फाईल सापडत नाही. लंडनमध्ये क्यूला नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या असतात, त्यात रोजच्या जागा आणि घटना मिळतात पण एक लक्षात घ्या की डायरीत अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचे फक्त आकडे येतात. 'इतके ठार इतके जखमी'. आपला माणूस त्या आकड्यात असतो.

आम्ही हल्ल्याला ऐंशी वर्षं होत होती म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये गेलो. मी, अण्णा (७७ वर्षांचे) आणि आत्या. रोममार्गे बोलोन्या, तिथनं लुगोला लोकल ट्रेन तासाभरात पोचते. लुगो हे मुक्कामाला बरं पडतं, सेनिओ तिथनं चार-पाच किलोमीटरवर. जाधवांच्या सन्मानपत्रात गावाचं नाव 'एस. पोलितो' लिहिलंय, त्या नावाचं गाव मी नकाशावर खूप शोधलं, मग लक्षात आलं की लुगोच्या हद्दीत 'सान पोतितो' नावाचं खेडं आहे. घाईत टाइप करताना एक अक्षर बदललं असणार. म्हणजे आमच्या गावाच्या नावाचं जे झालं तेच त्यांच्याही.

९ तारखेला दुपारी गाडी करून बांधावर गेलो. वर चढायला कच्ची वाट आहे, लोक सायकली घेऊन येतात. आत्याचे गुडघे दुखतात, तिला धरून धरून वर नेलं, माथ्यावर पोचल्यावर तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "एवढीच?" तेवढीच. खाली गढूळ पाणी, काठाला वेत आणि बाभळीसारखी काटेरी झाडं, पलीकडं तसाच दुसरा बांध. गोफण मारली तर पलीकडं जाईल एवढं अंतर. मी हे सगळं वाचलं होतं, आकडे पाठ होते, पण उताराचा चढ पायाला लागल्याशिवाय मला ते कळलं नव्हतं. उतरताना अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि गवतावरनं पाय सरकत होता, तेव्हा डोक्यात एकच आलं की ओल्या कपड्यात, अंधारात, बंदूक घेऊन, समोरनं गोळ्या येत असताना हे चढायचं होतं. कागदावर 'चढा बांध' असं लिहिलेलं असतं, चढा म्हणजे किती ते तिथं जाऊनच कळतं आणि माझ्या मते असा प्रवास करायचा तो याचसाठी.

एक ठिकाणी बांध नवा दिसत होता, माती ताजी, गवत विरळ. २०२३ च्या मे महिन्यात त्या भागात भयंकर पूर आला होता, सेनिओनं बांध फोडले, लुगोपर्यंत पाणी होतं. तेव्हाची डागडुजी. म्हणजे आबा जिथं पडले तीच माती आता तिथं आहे असं सुद्धा म्हणता येणार नाही, मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "नदी तीच आहे ना." त्यांनी कराडच्या प्रीतिसंगमावरनं एका छोट्या बाटलीत पाणी आणलं होतं, चेक-इनच्या बॅगेत तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, ते सेनिओत ओतलं. आत्यानं पालीच्या खंडोबाचा भंडारा आणला होता, चिमूटभर सोडला. पाण्यावर पिवळा रंग क्षणभर दिसला आणि गेला. तिघंही काही बोललो नाही. बांधावरनं एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थांबली, बघितलं, मान हलवली आणि पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी आल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं म्युझियम बघितलं. १० एप्रिल हा त्या भागातल्या बऱ्याच गावांचा सुटकेचा दिवस आहे, लुगोचाही. तिथल्या लोकांना तारीख पाठ आहे. आमच्या घरात ज्या दिवशी कुंकू पुसलं त्याच दिवशी त्यांच्याकडं घंटा वाजल्या, हे दोन्ही एकत्र मनात ठेवणं मला अजून जमत नाही.

फोर्लीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथं आपल्या लोकांची हमखास फसगत होते. सगळे कबर शोधतात. हिंदू आणि शीख सैनिकांतल्या बहुतेकांचं तिथंच दहन झालं, त्यांना कबर नाही. फोर्लीच्या इंडियन आर्मी वॉर सिमेटरीत दगडांच्या रांगा आहेत, काही दगडांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं आहे, ते बघून आत्या रांगेत शिरली आणि प्रत्येक दगड बघत निघाली. पण आबा त्या रांगांत नव्हते. तिथंच दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक आहे, जवळपास ८०० जणांची नावं, रेजिमेंटप्रमाणं. इटलीत एकूण पन्नास हजाराच्या आसपास भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ परत आले नाहीत. हा आकडा मी कितीदा वाचला होता. भिंतीसमोर उभं राहिल्यावर आधी दिसते ती आडनावांची ओळख: कदम, जाधव, मोरे, पवार, शिंदे, साळुंखे. आपल्या एस.टी. स्टँडवर हाक मारली तर चार जण वळून बघतील अशी नावं.

आबांचं नाव मीच शोधलं. अण्णांना इंग्रजी वाचता येतं पण सावकाश, आत्याला अजिबात येत नाही. ती विचारत होती, "कुठलं? यातलं कुठलं?" मी तिचा हात धरून बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि एकेक अक्षर उच्चारत गेलो, ती बोट पुढं सरकवत गेली. दगड उन्हानं कोमट झाला होता. शेवटच्या अक्षरापाशी बोट थांबवून ती म्हणाली, "म्हणजे थोरली आई इथं आली असती तरी तिला सापडलं नसतं." हे खरं आहे. जिच्यासाठी ते नाव सगळ्यात जास्त होतं तिला ती लिपी वाचता येत नव्हती. मी वहीचं पान फाडून त्यावर देवनागरीत आबांचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि खाली थोरल्या आईचं नाव लिहिलं, छोट्या दगडाखाली ते पान भिंतीपाशी ठेवलं. भंडारा दगडाला लावायचा नाही, डाग पडतो, म्हणून खाली गवतात सोडला. फाटकापाशी भिंतीत एक छोटा कप्पा असतो, त्यात नावांचं रजिस्टर आणि भेटीची वही. अण्णांनी वहीत मराठीत सही केली, पुढं लिहिलं 'पुतण्या'. सही करताना हात थरथरत होता म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

परत येताना अण्णांना मोंतेगुफोनीला जायचं होतं. फ्लॉरेन्सजवळचा हा किल्ला. युद्धात उफ्फिझी गॅलरीतली अडीचशेच्या आसपास चित्रं तिथं लपवून ठेवली होती, त्यात बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', आणि १९४४ च्या जुलैअखेर तिथं पोचले ते ८ व्या डिव्हिजनचे लोक, आपल्या मराठा पलटणीचे जवान त्या चित्रांच्या पहाऱ्यावर होते. अण्णांनी हे कुठंतरी वाचलं होतं आणि त्यांच्या मनात आबा त्या चित्रासमोर उभे होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आपल्याला माहिती नाही. इटली स्टार एवढंच सांगतो की माणूस युद्ध संपण्याआधी इटलीत होता, कधी पोचला ते सांगत नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात ते पलटणीत असतील, किंवा हिवाळ्यात भरपाईच्या तुकडीतनं आले असतील. पलटणीचा इतिहास वाचला की मोह होतो, सांग्रो, गारी, फ्लॉरेन्स, सेर्किओ, सगळीकडं आपला माणूस बसवावासा वाटतो. पण जे माहिती नाही ते घरात सांगायला लागलो की दहा वर्षांनी पोरं तेच खरं धरतात, आणि आमच्याच घरात उलटं झालं होतं, खरं होतं ते कोणी धरलं नाही. अण्णांना जरा लागलं. तरी आम्ही फ्लॉरेन्सला उतरलो, उफ्फिझीत ते चित्र बघितलं, अण्णा म्हणाले, "बरं, आबांच्या पलटणीनं राखलं एवढं तर म्हणता येईल." एवढं म्हणता येतं.

मोंतोनेला मात्र गेलो नाही याची रुखरुख आहे. आबांची पलटण नसली तरी वाट वाकडी करून जायला हवं होतं.

घरी आल्यावर कमिशनला गावाच्या नावाचं बरोबर स्पेलिंग कळवलं, सोबत ताऱ्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणि जुन्या सातबाऱ्यावरचं गावाचं नाव जोडलं. ते काम चालू आहे. तारेची घडी उघडून सपाट करून ठेवली, आता ती दुमडायची नाही.

राहिली तिथी. इतकी वर्षं आबांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं कारण दिवसच माहिती नव्हता. आता तारीख कळली म्हणून गुरुजींना विचारलं, ते म्हणाले शस्त्रानं गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. अण्णा तयार होते. आत्या नाही म्हणाली. "थोरल्या आईनं एकोणपन्नास वर्षं सर्वपित्रीलाच वाढलं, आबांना तोच दिवस माहिती असंल." मग सर्वपित्रीलाच केलं. पान वाढताना आत्यानं नेहमीसारखं आबांचं नाव घेतलं, आणि पुढं पहिल्यांदाच घरात मोठ्यानं म्हटलं गेलं, शेनीच्या काठाला.